सानिकाच्या बाळंतपणाविषयी

सांगली

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सानिकाला तिकडे लेस्टरमध्ये मिडवाइफने दिलेल्या माहितीपत्रिकेचा फोटो, दोन्ही मिळाले. त्या पत्रिकेत बाळंतपणात खोलवर फाटून होणाऱ्या गंभीर इजेसाठी ‘दक्षिण आशियाई वंश’ ही धोक्याची बाब म्हणून छापलेली पाहून तू अस्वस्थ झालीस, आणि आपल्या बायकांच्या शरीरातच काही उणीव आहे का, तसे असेल तर सरळ सिझेरियनच मागावे का, असे विचारले आहेस. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण नुसत्या नकाराने तुझे समाधान होत नाही हे मला शाळेपासून ठाऊक असल्यामुळे सविस्तर लिहिते.

पहिल्या बाळंतपणात योनिमार्गाजवळ थोडेफार फाटणे किंवा टाके पडणे अगदी सर्रास घडते. नुसती त्वचा फाटली तर ती पहिल्या श्रेणीची इजा आणि खालचे स्नायू फाटले तर दुसऱ्या श्रेणीची. या दोन्ही बहुधा काही आठवड्यांत भरून येतात. पत्रिकेतला इशारा त्यांच्याविषयी नसून तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीविषयी आहे, म्हणजे फाटत जाऊन गुदद्वाराभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूपर्यंत किंवा त्याही पलीकडे आतल्या अस्तरापर्यंत पोहोचलेल्या इजेविषयी. हा स्नायू शौच आणि वायू रोखून धरतो. तो नीट शिवला गेला नाही तर पुढे ताबा सुटण्याचा त्रास होऊ शकतो, आणि त्याविषयी बायका वर्षानुवर्षे कोणापाशी बोलत नाहीत.

रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या ब्रिटिश संस्थेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ब्रिटनमध्ये योनिमार्गे होणाऱ्या बाळंतपणांत अशा गंभीर इजेचे प्रमाण सरासरी २.९ टक्के आहे. पहिलटकरणींमध्ये ते ६.१ टक्के, तर आधी योनिमार्गे बाळंत झालेल्या स्त्रियांमध्ये १.७ टक्के. तेव्हा सानिकाच्या बाबतीत सर्वांत ठळक गोष्ट ती मराठी असणे ही नसून ती पहिलटकरीण असणे ही आहे. (पहिले बाळ सिझेरियनने झालेली आणि दुसऱ्या खेपेस प्रथमच योनिमार्गे बाळंत होणारी स्त्रीही या हिशेबात पहिलटकरणीसारखीच धरावी लागते, हे आपल्याकडे पुष्कळदा विसरले जाते.)

आशियाई वंशाचे म्हणशील, तर त्याच सूचनांमध्ये तो धोका सुमारे सव्वादोन पट सांगितला आहे आणि तो आकडा मी नाकारत नाही. मात्र हा वाढीव धोका मुख्यतः पाश्चात्त्य देशांत राहणाऱ्या आशियाई स्त्रियांमध्ये आढळलेला असून आशियातच बाळंत होणाऱ्या स्त्रियांमध्ये तो तसा दिसत नाही. योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्यामधले अंतर कमी असण्यापासून ते ऐन कळांच्या वेळी सुईणीची भाषा नीट न समजण्यापर्यंत अनेक कारणे पुढे केली जातात. त्यांतले एकही निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. इकडचा आकडा कमी दिसण्यात, बाळंतपणानंतर अशी इजा झाली आहे का याची तपासणी मन लावून केली न जाण्याचाही वाटा असावा, असे इतकी वर्षे या कामात काढल्यावर माझे मत झाले आहे.

बाकीच्या बाबी अशा: बाळाचे वजन ४ किलोंहून अधिक असणे, बाहेर येताना त्याचे खांदे अडकणे, त्याचे तोंड आईच्या पाठीऐवजी पोटाकडे असणे, आणि गर्भपिशवीचे तोंड पूर्ण उघडल्यानंतरचा काळ दोन तासांहून अधिक लांबणे. यांतल्या कशावरच सानिकाचा ताबा नाही. शिवाय हे सगळे पट एकमेकांशी गुणून तिच्या वाट्याचा आकडा काढण्याच्या फंदात पडू नकोस (तू गणिताची शिक्षिका, म्हणून मुद्दाम लिहिते आहे). ते वेगवेगळ्या अभ्यासांतून आलेले आहेत आणि ज्यांना ही इजा होते त्यांतल्या अनेकींच्या बाबतीत ती आधी ओळखता आलेली नसते.

मला खरे महत्त्व वाटते ते शेवटच्या अर्ध्या तासाचे, कारण यादीतल्या ज्या थोड्या बाबी माणसाच्या हाती आहेत त्या तिथे आहेत. बाळाचे डोके ओढून काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावावा लागला आणि योनिमुखाशी कात्रीने छेद (एपिसिओटॉमी) दिला नाही, तर धोका साडेसहा पटींपर्यंत जातो. चिमट्यासोबत योग्य छेद दिला तर तो दीडपटीच्याही आत राहतो. व्हॅक्यूमने, म्हणजे डोक्याला शोषून धरणाऱ्या वाटीने ओढल्यास, हा धोका चिमट्याइतका वाढत नाही आणि तिथेही छेदाने संरक्षण मिळते. म्हणून सानिकाने ‘मला छेद नकोच’ असे आधीपासून लिहून देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. याचा अर्थ प्रत्येकीला छेद द्यावा असा मुळीच नाही. सरसकट छेद देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितले आहे. आपल्याकडच्या कित्येक लेबर रूममध्ये मात्र पहिलटकरीण म्हटली की कात्री ठरलेलीच असते, आणि वरून पोट दाबण्याची प्रथाही, त्याच संघटनेने ती नाकारलेली असूनही, अजून सुटलेली नाही.

छेद द्यायचाच झाला तर तो कोणत्या दिशेने जातो यावर सारे अवलंबून असते. सरळ खाली गुदद्वाराच्या रोखाने दिलेला छेद पुढे फाटत गेला की थेट त्या स्नायूतच शिरतो, म्हणून तो तिरका द्यायचा असतो. बाळाचे डोके टेकलेले असताना तिथली कातडी ताणलेली असते आणि ताण गेल्यावर छेदाचा कोन लहान होतो. त्यामुळे त्या क्षणी मधल्या उभ्या रेषेपासून ६० अंशांत दिलेला छेद शिवताना ४५ अंशांच्या आसपास भरतो. नुसत्या अंदाजाने तिरका दिलेला छेद पुष्कळदा पुरेसा तिरका नसतो.

दुसरी गोष्ट हातांची. डोके बाहेर येताना एका हाताने त्याचा वेग आवरायचा, दुसऱ्या हाताने खालच्या भागाला आधार द्यायचा आणि बाईला जोर न लावता श्वास सोडायला सांगायचे. हे तंत्र नॉर्वेतल्या प्रसूतिगृहांमध्ये पुन्हा नेटाने शिकवले गेले, तेव्हा तिथले गंभीर इजांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. जोर लावण्याच्या काळात गरम पाण्यात भिजवून पिळलेले कापड तिथे धरून ठेवल्यानेही या इजा कमी होतात, आणि याला खर्च काहीच नाही. सानिकाने हे दोन्ही आधीच मागून ठेवावे. पस्तिसाव्या आठवड्यापासून घरी तेल लावून त्या भागाला मालिश केल्यास पहिलटकरणींमध्ये टाके घालावे लागण्याची शक्यता थोडी कमी होते. गंभीर इजा त्याने टळतेच असे नाही, पण तिला जमत असेल तर करू दे.

सिझेरियनचे तर उघडच सांगते: केवळ या भीतीपोटी पहिल्या खेपेस पोट कापून घेणे मला पटत नाही, कारण त्या शस्त्रक्रियेचे स्वतःचे धोके पुढच्या गरोदरपणांतही सोबत येतात. आधीच्या खेपेस स्नायूला इजा होऊन त्रास उरलेला असेल, तर मात्र मी वेगळा सल्ला देईन.

बाळंतपणानंतर टाके घालण्याआधी गुदद्वारातून बोट घालून तपासले का, हे तूच विचार. ही तपासणी नकोशी वाटते, पण तिच्याअभावी इजा नजरेतून सुटते. इजा सापडली तर ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन, पुरेशा उजेडात ती शिवावी लागते. त्यानंतर अँटिबायोटिक्स, शौच मऊ ठेवणारे औषध आणि फिजिओथेरपी. वेळीच नीट शिवले गेले तर ६० ते ८० टक्के स्त्रियांना वर्षभरानंतर कोणताही त्रास उरत नाही. डिंकाचे लाडू तू खुशाल कर, पण सोबत पाणी, भाज्या आणि फळेही भरपूर दे. त्या दिवसांत कुंथावे लागणे मुळीच चांगले नाही.

आणि दोन-तीन महिन्यांनंतरही वायू किंवा शौच रोखता येत नसेल, तर ‘बाळंतपणात असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नकोस. ती आपणहून बोलणार नाही, तेव्हा तू एकांतात सरळ विचार आणि मला कळव.

तुझी,
मीना