भाडेकरूची तक्रार कोणत्या वहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गृहनिर्माण संस्थांच्या कारभाराविषयी वरचेवर पत्रे येतात. कधी पुनर्विकासाचा वाद असतो, कधी पार्किंगचा, कधी थकलेल्या देखभाल खर्चाचा. पण लिहिणारे जवळजवळ नेहमीच सदनिकेचे मालक, म्हणजे संस्थेचे सभासद असतात. त्याच इमारतीत राहणाऱ्या, तोच जिना चढणाऱ्या आणि त्याच टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या भाडेकरूंचे म्हणणे त्यात क्वचितच दिसते. गेली नऊ वर्षे मी ठाण्यापलीकडच्या उपनगरांतील चार निरनिराळ्या संकुलांत भाड्याने राहत आलो आहे आणि त्या अनुभवावरून एकच मुद्दा मांडू इच्छितो. भाडे परवडत नाही, ही तक्रार जुनीच आहे आणि ती येथे करत नाही. संकुलात काही बिघडले तर ते सांगण्याची अधिकृत जागाच भाडेकरूला नाही, हे माझे गाऱ्हाणे आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली. आधी रुपयाएवढा असलेला डाग पंधरा दिवसांत परातीएवढा झाला आणि एका सकाळी प्लास्टरचा ढलपा वॉशिंग मशीनच्या झाकणावर येऊन पडला. मी संस्थेच्या कार्यालयात गेलो. तेथील व्यवस्थापकांनी तक्रारवही उघडली, सदनिकेचा क्रमांक लिहिला, माझे नाव विचारले आणि ते ऐकून पेन खाली ठेवले. ‘तुम्ही टेनंट ना? मग मालकांना मेल करायला सांगा. आम्हाला मेंबरचीच कंप्लेंट घेता येते,’ असे ते अगदी सौजन्याने म्हणाले. आमचे मालक दुसऱ्या शहरात नोकरीला आहेत. माणूस भला, पण त्यांचा मेल यायला आठ दिवस लागले. मग संस्थेने वरच्या सदनिकेच्या मालकांना पत्र पाठवले, तर ते परदेशात. वरच्या घरात राहणारे कुटुंबही आमच्यासारखेच भाड्याने राहणारे. त्या गृहस्थांची आणि माझी जिन्यात गाठ पडली, आम्ही दोघांनी मिळून प्लंबर आणला आणि नाहणी ट्रॅपभोवतीचे, म्हणजे सांडपाणी जाते त्या जाळीखालच्या भांड्याभोवतीचे, सिमेंट सुटले आहे हे त्याने पाच मिनिटांत दाखवून दिले. काम अर्ध्या दिवसाचे होते आणि खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायलाही आम्ही तयार होतो. परंतु फरशी उकरायची तर मालकाची लेखी संमती हवी, ती आल्यावर संस्थेचा कामाचा पास हवा आणि तो पासही सभासदाच्याच अर्जावर मिळणार. हा सगळा पत्रव्यवहार चालला होता, पण ज्यांच्या डोक्यावर पाणी ठिबकत होते आणि ज्यांच्या पायाखालून ते झिरपत होते, ते दोघे त्यात कुठेच नव्हते. दुरुस्ती ४१ व्या दिवशी झाली. तोवर आम्ही छताखाली टब ठेवून आंघोळी उरकल्या.

त्या व्यवस्थापकांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे जे उपविधी, म्हणजे संस्थेच्या कारभाराचे नियम, आहेत ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सभासदाशी बोलतात. सभेत बसायचे सभासदाने, दप्तर पाहायचे सभासदाने, तक्रार करायची सभासदाने. सहकाराच्या दृष्टीने हे तर्कशुद्धच आहे, कारण संस्था भागधारकांची आहे. अडचण एवढीच की उपनगरांतल्या नव्या संकुलांत गुंतवणूक म्हणून घेतलेली घरे पुष्कळ असतात, त्यामुळे इमारतीत प्रत्यक्ष नांदणारी माणसे आणि कागदावरची माणसे यांची यादी जुळत नाही. आमच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी तीन घरांत भाडेकरू आहेत. लिफ्ट बंद पडली, गच्चीवरची टाकी वाहू लागली, मीटरच्या खोलीतून जळका वास आला, तर ते सर्वांत आधी ज्याला कळणार त्याचेच नाव वहीत लिहिता येत नाही.

कायद्याच्या भाषेत तर आम्ही भाडेकरूही नाही. ज्या कागदावर आम्ही राहतो त्याला ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात. मालक हा परवाना देणारा आणि आम्ही ठरावीक मुदतीपुरती जागा वापरण्याची परवानगी मिळालेले परवानाधारक. शब्दांच्या या कसरतीमागे इतिहास आहे. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत राहत होते त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. पुष्कळ मालकांच्या लेखी त्या दिवशी त्यांचे घर हातचे गेले, आणि ती धास्ती पुढच्या पिढीलाही वारशात मिळाली. वास्तविक ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ही भीती बरीच निकालात काढली आहे. त्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याला परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते आणि मालकाला जागेच्या ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तरीही दर अकरा महिन्यांनी माणूस उपटून पुन्हा लावायचा, ही रीत काही सुटत नाही.

या अकरा आकड्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तो का पाळायचा हे मला आजवर एकाही एजंटाला सांगता आलेले नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे असल्यामुळे, ती नोंदणी टाळण्यासाठी देशभर अकरा महिन्यांचा रिवाज पडला. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने, मुदत कितीही असो, करार लेखी करणे आणि नोंदवणे बंधनकारक केले, ती जबाबदारी मालकावर टाकली आणि कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही ठेवली. म्हणजे जी नोंदणी चुकवण्यासाठी अकरा महिने धरायचे ती आपल्या राज्यात चुकतच नाही. मुद्रांक शुल्क ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर एकूण रकमेच्या ०.२५ टक्के आहे. त्या रकमेत परत मिळणाऱ्या अनामतीवरचे वार्षिक १० टक्के दराने काढलेले व्याजही धरतात. आमच्या घराचे भाडे १८ हजार आणि अनामत ७५ हजार. अकरा महिन्यांच्या करारावर शुल्क येते सुमारे ५१२ रुपये, आणि शहरी भागातली नोंदणी फी १,००० रुपये. भाडे तेच धरून असे तीन करार लागोपाठ केले तर साडेचार हजारांच्या वर जातात. तेहतीस महिन्यांचा एकच करार केला असता तर अडीच हजारांच्या आसपास भागले असते. एजंटाची दर वेळची दलाली आणि नोंदणीसाठी घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेणाऱ्याची फी यात धरलेली नाही. सरकारला फारसे मिळत नाही, मालकाला काहीच मिळत नाही, भाडेकरूचे जातात. दोन्ही बाजूंना सूचना देऊन बाहेर पडण्याची सोय करारात ठेवता येते, तेव्हा मुदत लांब असली म्हणून कोणी अडकून पडत नाही.

अनामतीबद्दल एवढेच सांगतो की, आम्ही चार वर्षे राहिलेले एक घर सोडताना रंगकामापोटी बारा हजार कापून घेतले गेले. आत शिरताना भिंतींचे फोटो काढून करारासोबत जोडले नव्हते ही माझी चूक, आणि ती मी पुन्हा केलेली नाही.

आता संस्थांकडे वळतो. घर पसंत पडले, मालकाशी बोलणे झाले, की समिती सदस्यांपुढे ‘इंटरव्ह्यू’ द्यावा लागतो, असा अनुभव मला चारपैकी दोन संकुलांत आला. लग्न झाले आहे का, घरी कोण कोण असते, नोकरी कुठे, पाहुणे किती येतात, असे प्रश्न तेथे विचारले गेले. माझ्या धाकट्या भावाला तर तो अविवाहित आहे एवढ्याच कारणावरून एका संकुलाने दारातूनच परत पाठवले. २०१४ च्या आदर्श (नमुना) उपविधींनुसार सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी संस्थेची परवानगी लागत नाही. सभासदाने तसे आगाऊ कळवायचे असते आणि कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची असते. पोलिसांना माहिती द्यायला माझा कधीच विरोध नव्हता, किंबहुना ती मी स्वतः आठवणीने भरून घेतो. पण कळवणे आणि परवानगी मागणे यांतला फरक समितीच्या खोलीत पोचेपर्यंत पुसला जातो.

पैशांचेही तसेच. घर भाड्याने दिले म्हणून संस्था सभासदाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, ज्याला सगळे ‘नॉन-ऑक्युपन्सी’ म्हणतात, त्याला राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने मर्यादा घातली आहे. महापालिकेचे कर वगळून जे सेवा शुल्क असते त्याच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ही मर्यादा मुंबई उच्च न्यायालयानेही २००७ साली उचलून धरली. सेवा शुल्क महिना १,८०० रुपये असेल तर हे शुल्क फार तर १८० रुपये व्हायला हवे. आमच्या आधीच्या संकुलात मालकांना दरमहा दीड हजार भरावे लागत, आणि ते त्यांनी साहजिकच भाड्यात मिळवले होते. मी त्यांना त्या आदेशाची प्रत पाठवली तेव्हा त्यांनी हात जोडलेले चित्र पाठवले आणि ‘कशाला वाकडे घ्यायचे’ असे लिहिले. जो पैसा शेवटी भाडेकरूच्या खिशातून जातो त्याच्यावर हरकत घेण्याचा अधिकार ज्याला आहे त्याला त्याची झळ नसते, आणि ज्याला झळ आहे त्याला अधिकार नसतो. याशिवाय सामान चढवताना-उतरवताना पावतीविना घेतले जाणारे ‘शिफ्टिंग चार्जेस’ आहेतच.

रोजच्या बारीकसारीक गोष्टींची यादी लांबवत नाही, पण एक सांगण्याजोगी आहे. फाटकावर कोणी आले की ॲपवरून विचारणा येते. आमच्या घराचा क्रमांक पहिले सात महिने मालकांच्या फोनलाच जोडलेला होता. माझी आई गावाहून पहाटेच्या गाडीने आली आणि फाटकापाशी पिशव्या घेऊन उभी राहिली, तेव्हा तिला आत सोडायचे की नाही हा प्रश्न साडेसातशे किलोमीटरवर झोपलेल्या एका गृहस्थांच्या उशाशी वाजत होता.

दुसरी बाजू मला दिसत नाही असे नाही. संस्थेचे पदाधिकारी बहुतेक ठिकाणी नोकरी सांभाळून विनामोबदला काम करतात. महिन्याचे बिल न भरता वर्षभर फोन न उचलणारे मालकही त्यांनाच सोसावे लागतात. रात्री दोनला गच्चीत गाणी लावणारे भाडेकरू मी पाहिले आहेत आणि तेव्हा मीही सुरक्षारक्षकालाच बोलावले आहे. मात्र असे वागणारे सदनिकेचे मालकही असतात. त्यांच्यासाठी सूचनाफलकावर ‘ओनर्सनी नोंद घ्यावी’ असा लाल अक्षरांतला कागद लागलेला मी अजून पाहिलेला नाही.

आम्हाला मतदानाचा हक्क नको, समितीत जागा नको. गळती, लिफ्ट, पाणी, वीज आणि सुरक्षा यांबाबतची तक्रार इमारतीत राहणाऱ्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीकडून लिहून घ्यावी, तिला पोच द्यावी आणि मालकाला तिची प्रत संस्थेनेच पाठवावी, एवढे सहकार खात्याने परिपत्रक काढून सांगितले तरी बरेच काम होईल. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज पडेल असे मला वाटत नाही. २००१ चा आदेश संस्थेच्या फलकावर कायम लावण्याची सक्तीही त्याच परिपत्रकात करता येईल. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवण्याची आणि मालकाने घरात येण्यापूर्वी २४ तास आधी कळवण्याची तरतूद आहे. तो राज्यांनी स्वीकारल्यावरच लागू होतो आणि त्यावर आपल्याकडे व्हायला हवी तेवढी चर्चा झाली नाही. आपल्या दैनिकाने ती घडवून आणावी, ही विनंती.

आमच्या घराच्या कराराचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे आणि संस्थेच्या कार्यालयात आपलेच दैनिक येते. म्हणून पत्र प्रसिद्ध करताना माझे नाव व पत्ता छापू नये.

आपला,
एक परवानाधारक