क्षयरुग्णांचे रुग्णालयातील मृत्यू : पहिल्या दिवशीच मोजमाप हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

क्षयरोगावरील लेखांत किती जणांचे निदान झाले आणि किती जणांनी उपचार पूर्ण केले, हे आकडे नेहमी येतात. रुग्णालयात दाखल झाल्यावर दगावणाऱ्या क्षयरुग्णांविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि साडेबारा लाख मृत्युमुखी पडले. ज्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिला आणि जो नेहमीच्या प्रकारात सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो, अशा रोगाचे हे आकडे आहेत.

वैद्यकीय वॉर्डात परिचारिका म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे. दाखल झालेल्यांपैकी जे वाचत नाहीत, ते बहुधा पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांतच जातात. त्यामुळे अनेकदा प्रश्न औषध निष्प्रभ ठरण्याचा नसतो. ते फार उशिरा सुरू होण्याचा आणि ते सुरू केले की आपले काम संपले, असे मानण्याचा असतो.

उशीर कसा होतो, ते वॉर्डात उभे राहिले की दिसते. ताप आणि धाप घेऊन आलेल्या रुग्णाच्या केस पेपरवर न्यूमोनिया लिहिले जाते आणि प्रतिजैविके सुरू होतात. त्यांतली काही, विशेषतः फ्लुओरोक्विनोलोन गटातली, क्षयाच्या जंतूलाही थोडे दबवतात. ताप उतरतो, सगळ्यांना हायसे वाटते आणि क्षयाची तपासणी मागे पडते. पुढे बेडका मागवला जातो, पण ज्याच्यात उठून बसण्याचेही त्राण नाही, त्याला खोकून बेडका काढता येत नाही. खाटेजवळच्या डबीत संध्याकाळपर्यंत पातळ लाळ तेवढी जमते आणि प्रयोगशाळा ती परत पाठवते. जंतूची जनुके शोधणाऱ्या रेणवीय चाचणीचा निकाल सुमारे दोन तासांत मिळतो हे खरे, पण ते दोन तास नमुना यंत्रात गेल्यावर सुरू होतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायचा तर एक मिलिलिटर बेडक्यात ते हजारोंच्या संख्येने असावे लागतात, तरीही ‘निगेटिव्ह’ अहवाल हाती आला की क्षय नाही असे धरून चालणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. मेंदूच्या आवरणातला, पोटातला किंवा रक्तावाटे शरीरभर पसरलेला क्षय तर बेडक्यात सापडेलच असे नाही.

एचआयव्हीबाधितांत हे अधिकच प्रकर्षाने दिसते. साधनांची कमतरता असलेल्या देशांतील शवविच्छेदनांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा मृतांपैकी सुमारे ४० टक्के जणांच्या शरीरात क्षय आढळला आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचे निदान ते जिवंत असताना झालेलेच नव्हते. अशा रुग्णांसाठी लघवीवरची सोपी चाचणी उपलब्ध आहे. तिला बेडका लागत नाही, म्हणून दाखल होताच ती करायला हवी.

निदान झाल्यावर काय करता येते, याचे उत्तर तमिळनाडूने २०२२ पासून देऊन ठेवले आहे. तेथे निदान होताच रुग्णाचे वजन व उंची, श्वासाची गती आणि ऑक्सिजनची पातळी मोजतात, पायांवर सूज आहे का आणि रुग्ण आधाराशिवाय उभा राहू शकतो का, हे पाहतात. यांत धोका दिसला, तर त्याला नुसत्या गोळ्या देऊन घरी न पाठवता दाखल करून घेतात. यासाठी वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, घड्याळ आणि ऑक्सिमीटर पुरतो. आहाराचेही तसेच. झारखंडमध्ये क्षयरुग्णांना शिधा देऊन केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्या मृत्यूची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसली. बऱ्या होणाऱ्याचेच वजन वाढते, असा आक्षेप घेता येईल. पण म्हणून अन्न न देण्याचे कारण उरत नाही.

मृत्यूनंतरची नोंदही तितकीच ढिसाळ असते. प्रमाणपत्रावर ‘श्वसनक्रिया बंद पडल्याने’ एवढेच लिहिले आणि मूळ कारणाची ओळ रिकामी राहिली, की तो मृत्यू क्षयाच्या गणनेत येत नाही. एचआयव्हीबाधिताचा क्षयाने झालेला मृत्यू तर रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीनुसार एचआयव्हीच्याच खाती जातो.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की, दाखल क्षयरुग्णाच्या प्रत्येक मृत्यूनंतर तो कधी दाखल झाला, पहिला नमुना कधी गेला, औषधाचा पहिला डोस कधी मिळाला आणि मृत्यू कधी झाला, या चार तारखा रुग्णालयाने एका कागदावर मांडून तपासाव्यात. मनुष्यबळ अपुरे आहे, असे यावर सांगितले जाईल आणि ते खोटे नाही. परंतु या तारखा केस पेपरवर आधीच असतात, त्या उतरवून घ्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका