टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन का थांबवले

घोडबंदर रोड, ठाणे

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

सतराव्या वर्षी सुरू झालेले टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन मी थांबवल्याचे कळल्यापासून बाबांना झोप नाही, असे आई फोनवर म्हणाली. मूल हवे असताना नेमके तेच औषध का सोडले, हा बाबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझ्या कालमन सिंड्रोम या जन्मजात आजारात वृषणांत मुळात दोष नाही. मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला जो संदेश जायला हवा तो जात नाही, त्यामुळे वृषणांना कामाला लावणारी एलएच आणि एफएसएच ही पिट्युटरीची संप्रेरके पुरेशी तयार होत नाहीत. दूध करपले तरी मला वास येत नसे, तेही याच आजारामुळे. टेस्टोस्टेरॉनने मला दाढी, आवाज आणि हाडांची बळकटी दिली, पण शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणाच्या आत त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी अधिक लागते आणि ते बाहेरून टोचून साधत नाही. उलट, धडधाकट पुरुषाने ते घेतले तर त्याचेही शुक्राणू घटतात. त्या वयात तुम्ही मला दिलेला उपचार योग्यच होता, त्याबद्दल कृपा करून मनाला लावून घेऊ नका.

आता दोन मार्ग होते. एक जीएनआरएचचा, म्हणजे हायपोथॅलॅमसच्या त्या संदेश-संप्रेरकाचा पंप, जो साधारण दर दोन तासांनी त्वचेखाली औषधाचा छोटा डोस सोडतो. पिट्युटरी शाबूत असल्याने तो मला चालला असता आणि निसर्गक्रमाला तोच सर्वांत जवळचा आहे; पण तो महिनोन्महिने अंगावर वागवायचा, आणि मोजक्याच ठिकाणी मिळतो. दुसरा मार्ग इंजेक्शनांचा: एचसीजी एलएचचे काम करते, आणि काही महिन्यांनी त्याच्या जोडीला एफएसएच द्यायचे. परिणामात पंप फारसा सरस नाही, म्हणून मी इंजेक्शने निवडली. काकांनी सुचवलेल्या क्लोमिफिनच्या गोळ्यांना मेंदूचा तोच संदेश लागतो, जो माझ्याकडे नाही.

रात्री जेवण झाल्यावर कुपीतील पूड द्रावणात विरघळवतो, पोटाची कातडी चिमटीत धरतो आणि बारीक सुईने स्वतःच टोचून घेतो. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात आणि एकूण उपचाराला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो, तेव्हा दर फोनला विचारू नका. या आजारात शुक्राणूंची संख्या कमी असतानाही नैसर्गिक गर्भधारणा होते, आणि न झाल्यास इक्सीचा, म्हणजे प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याचा पर्याय आहे. आजार आनुवंशिक असू शकतो, म्हणून आम्ही दोघे जनुकीय सल्लाही घेणार आहोत.

आई, मेघनाचे सर्व रिपोर्ट उत्तम आहेत. चिपळूणच्या डॉक्टरांकडे तिला नेण्याचा विषय आता तिच्यापाशी काढू नकोस. नातेवाइकांनी विचारले तर उपचार माझे चालू आहेत, असे स्पष्ट सांग. पुढील तपासणी गणपतीनंतर आहे, अहवाल आला की बाबांना फोन करीन.

तुमचा,
प्रसाद