स्वॅप बदलला म्हणून मशीन फॉरमॅट करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून आमच्या वाचनालयातले जुने कॉम्प्युटर आम्ही एकेक करून लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर नेतोय, मुलं त्यावरच परीक्षांचे फॉर्म भरतात. पण मध्यंतरी एक चांगलं मशीन जवळजवळ भंगारात चाललं होतं, तसं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून हे पत्र.

झालं असं की त्या मशीनला रॅम ४ जीबी आणि स्वॅपचं पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायला डिस्कवर राखलेला भाग) फक्त २ जीबीचं, ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की अडकायचं. म्हणून लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता ज्यावरून लिनक्स चालतं) डिस्कचे भाग पाडणारं जीपार्टेड उघडलं, जुना स्वॅप डिलीट केला आणि शेजारची रिकामी जागा धरून ८ जीबीचा नवीन केला. रीस्टार्ट केलं तर मिंटचा लोगो आला आणि तिथंच थांबला. आम्ही घाबरून बटण दाबून बंद केलं, परत तेच, असं तीनदा. दुकानात दाखवलं तर हार्डडिस्क गेली, नवीन टाकून सगळं फॉरमॅट करावं लागेल म्हणाले. डिस्कला काहीही झालेलं नव्हतं! पुस्तकांच्या सगळ्या नोंदी त्यातच होत्या हो, नुसत्या विचारानं पोटात गोळा आला.

घरी आणून लोगो दिसत असताना एस्केप दाबलं तेव्हा मागचे मेसेज दिसले. आधी एक ओळ की रिझ्यूम डिव्हाइसची (म्हणजे स्वॅपचीच) वाट बघून सोडून दिलं, मग दुसरी, जिच्यापुढे दीड मिनिटाचं घड्याळ चालू. या वेळी बटणाला हात लावला नाही आणि दीड मिनिट झाल्यावर मशीन आपोआप सुरू झालं.

कारण साधं आहे. स्वॅपच्या पार्टिशनला यूयूआयडी म्हणून ३६ अक्षरांचा नंबर असतो आणि स्वॅप नव्यानं बनवला की तो बदलतो, पण सिस्टिममध्ये जुनाच लिहिलेला राहतो, म्हणजे बिऱ्हाड हललं तरी रेशनकार्डावर जुनाच पत्ता. आणि तो दोन ठिकाणी असतो, लोक एकच दुरुस्त करतात. पहिलं ठिकाण ईटीसी फोल्डरमधली एफएसटॅब फाइल. टर्मिनलमध्ये सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं) ब्लकआयडी कमांड दिली की नवा नंबर दिसतो, तो या फाइलच्या स्वॅपच्या ओळीत टाकायचा. दुसरं ठिकाण ईटीसीमध्येच, इनिटरॅमएफएस-टूल्स, त्यात कॉन्फ-डी आणि त्यात रिझ्यूम नावाची फाइल. हायबरनेट केल्यावर, म्हणजे उघडी कामं तशीच ठेवून मशीन बंद केल्यावर, रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये लिहून ठेवतात ना, म्हणून बूट होताना लिनक्स आधी तिथं जाऊन बघतं. तिथला नंबरही बदलायचा आणि मग सुडोनं अपडेट-इनिटरॅमएफएस, पुढे डॅश यू, ही कमांड द्यायचीच, कारण बूटच्या वेळी वाचली जाणारी फाइल (इनिटरॅमएफएस) वेगळी असते, नुसती ही फाइल सेव्ह करून तिच्यातला जुना नंबर जात नाही. रिझ्यूम फाइल मुळात नसली तरी ही कमांड द्यावी.

शेजारी दुसरं लिनक्स इन्स्टॉल केल्यावर पहिलं हळू सुरू व्हायला लागलं तर तिथंही बहुतेक हेच असतं, इन्स्टॉलर दोघांचा सामायिक स्वॅप परत फॉरमॅट करतो. खरं तर स्वॅप बनवतानाच एमकेस्वॅप कमांडला कॅपिटल यू लावून जुनाच नंबर दिला तर पुढचं काही करावं लागत नाही, फक्त डिस्कचे सगळे भाग दाखवणाऱ्या एलएसबीएलके कमांडनं पार्टिशन दोनदा तपासा, चुकीच्या नावावर एमकेस्वॅप गेलं तर त्यातला डेटा गेलाच समजा.

पुण्याला असलेल्या माझ्या भाच्याचं प्रकरण जास्त बिकट होतं, त्याच्याकडे फेडोरा हे दुसरं लिनक्स आणि एलव्हीएम (साध्या पार्टिशनऐवजी व्हॉल्यूम बनवायची पद्धत). स्वॅपचा व्हॉल्यूम काढल्यावर मशीन सुरूच होईना, ड्रॅकटच्या, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या, काळ्या शेलमध्ये (नुसत्या कमांडच्या पडद्यावर) जाऊन पडायचं. त्यानं ग्रब या बूट-मेनूत ई दाबून कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळीतलं रिझ्यूम आणि जुन्या स्वॅपचं नाव असलेलं आरडी-एलव्हीएम-एलव्ही एवढं खोडलं, कंट्रोल-एक्स दाबलं, आणि सुरू झाल्यावर ग्रबी कमांडनं तेच कायमचं काढून टाकलं.

तुमच्या पेपरात मोबाइलच्या टिप्स येतात, तशा जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चालवणाऱ्यांसाठीही आठवड्याला अर्धा कॉलम द्या अशी कळकळीची विनंती आहे, आणि त्यात कमांड इंग्रजी अक्षरांत छापा म्हणजे वाचनालयातली मुलं कात्रण समोर ठेवून टाइप करू शकतील.

आपला,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता, कराड