दाढ काढल्यावर उपाशी राहू नकोस बाळा

प्रिय बाळा,

काल फोनवर तुझं बोलणं नीट कळत नव्हतं, तोंडात कापूस होता ना, म्हणून मी जास्त ताणलं नाही. पण काय खाल्लंस विचारलं तर तू म्हणालीस आईस्क्रीम, आणि वर भूकच नाहीये बाबा, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चालू आहे. म्हणून सगळं लिहूनच पाठवतो, पडल्या पडल्या वाच.

तू लहान होतीस तेव्हा आजीचे उरलेले सात दात एकदम काढले होते. कागदावर सॉफ्ट डाएट एवढे दोनच शब्द लिहून दिले होते आणि आम्हीही काही विचारलं नाही. आजी आठवडाभर चहा, चहात बुडवलेली बिस्किटं आणि ज्यूस यावर राहिली, आम्हाला वाटलं पोटात जातंय ना काहीतरी, बास झालं. मग एका सकाळी बाथरूममध्ये चक्कर येऊन मटकन खाली बसली. त्या दिवसापासून तिचं खाणं मी हातात घेतलं, आणि तेव्हा जे शिकलो तेच तुला सांगतोय.

दाढ काढली तिथे खड्डा राहतो आणि त्यात रक्त गोठून गाठ धरते. ती गाठ म्हणजे खालच्या हाडावरचं झाकण आहे, ते जपायचं. स्ट्रॉने काही पिऊ नकोस, ओढ बसून गाठ सुटते आणि मग हाड उघडं पडतं, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, ते दुखणं पार कानापर्यंत जातं. जोरात थुंकायचं पण नाही. पहिले २४ तास सगळं गार किंवा कोमट, आणि नंतरही चार-पाच दिवस वाफाळता चहा नको. मनगटावर थेंब टाकून बघ, चटका लागला नाही तर खा.

उद्या सकाळी आरशात बघून घाबरू नकोस, सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त असते. तोंड पण पूर्ण उघडणार नाही, तेव्हा छोटा चमचा घे आणि दुसऱ्या बाजूने खा.

आता मेन मुद्दा. जखम भरायला प्रोटीन लागतं, आणि मऊ खायचं म्हटलं की सगळेजण गोड आणि पातळ खात सुटतात, त्यात नेमकं तेच नसतं. तुझं वजन ५५ किलो, म्हणजे एरवीसुद्धा दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रोटीन हवं, आता तर थोडं जास्तच. एका अंड्यात ६ ग्रॅम, २५० मिलीच्या एका कप दुधात ८ ग्रॅम, १०० ग्रॅम घट्ट शिजलेल्या डाळीत ८-९ ग्रॅम. मग बघ, दोन अंडी, तीन कप दूध आणि ती डाळ, झाले की ४५. दही, मऊ पनीर खाल्लंस तर ते वरचं. एवढं काही अवघड नाही, फक्त सहा वेळा थोडं थोडं खायचं, एकदम ताट भरून होणार नाही.

अंडी करताना दोन चमचे दूध घालून फेट, अगदी मंद आचेवर हलवत राहा आणि अजून ओलसर आहेत तोवरच गॅस बंद कर, नाहीतर रबरासारखी होतात आणि चावावी लागतात. बटाटा उकडून गरम असतानाच कुस्कर, गार झाला की चिकट होतो, त्यात दूध आणि लोणी घाल. सूप पाणचट करू नकोस, पोट भरल्यासारखं वाटतं आणि तासाभरात परत भूक. त्यातच शिजलेली डाळ नाहीतर चिकन टाकून मिक्सरमधून काढ आणि गाळून घे, बिया खड्ड्यात अडकतात. भाताची शितं पण अडकतात, म्हणून भात खायचाच असेल तर डबल पाणी घालून शिजव आणि घोट. लिंबू, टोमॅटो, तिखट आठवडाभर नको, चुरचुरतं. व्हिटॅमिन सी साठी पिकलेली पपई कुस्करून खा, ती झोंबत नाही.

आणि हो, चौथ्या दिवशी कंटाळा येणार, सगळं एकाच चवीचं लागायला लागतं, आजी तर रडायलाच आली होती. एक गोड खाल्लं की पुढचं खारट असं आलटून पालटून कर, तिला त्यानेच जरा बरं वाटलं होतं.

पेनकिलर रिकाम्या पोटी घेऊ नकोस. अँटिबायोटिक दुधाबरोबर चालतं का ते केमिस्टला विचार, काही चालत नाहीत. २४ तास झाले की प्रत्येक खाण्यानंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, तोंडात धरून मान हळूच कलती करायची आणि पाणी आपोआप पडू द्यायचं, खळखळून चूळ नाही. पाणी मात्र दिवसभर पीत राहा, कमी चोथा आणि कमी पाणी झालं की पोट साफ होत नाही.

तीन दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तोंडाला घाण वास आला, ताप आला किंवा गिळताना त्रास झाला तर मला विचारत बसू नकोस, सरळ डॉक्टरांना फोन लाव. चिप्स, पॉपकॉर्न, दाणे सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी जखम बघून हो म्हटल्यावरच.

आत्ता उठ आणि ती दोन अंडी कर, मंद आचेवर. बोलू नकोस, खाल्लंस की नुसता मेसेज टाक, मी जागा आहे.

तुझा,
बाबा