नाना, पायी फिरणाऱ्या शिपायाचे पैसे कोणी द्यायचे?

बेडफर्ड, इंग्लंड
१८ जानेवारी

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. तुझ्याकडे पाहुणे आले आणि माझा प्रश्न तसाच राहून गेला. तसंही हे फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलोय. तू ज्या पोलिसाच्या नोकरीत आयुष्य घातलंस तिच्याबद्दलचं आहे, तेव्हा तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिहिणार?

इकडे घरपट्टीसारखा काऊन्सिल टॅक्स असतो. त्याच्या बिलात पोलिसांसाठी वेगळी ओळ असते. सरकारकडून येणारा पैसा पुरत नाही, म्हणून जिल्ह्याचा पोलीस कमिशनर त्या ओळीतली रक्कम दरवर्षी थोडी वाढवायला बघतो आणि त्याआधी लोकांचं मत मागवतो. (हा आपल्याकडच्यासारखा वर्दीतला अधिकारी नव्हे, मतं मागून निवडून आलेला माणूस.) यंदा आमच्या भागातल्या हॉलमध्ये यावर बैठक होती. मी गेलो होतो. ऐंशीच्या पुढच्या एक बाई काठी टेकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला कॅमेरा नको, गाडी नको. माझ्या रस्त्यावरून चालत जाणारा आणि मला नावाने ओळखणारा पोलीस हवा. पूर्वी होता." लगेच मागून एक तरुण उठला. पायी फिरून चोर सापडत नाहीत, तो पैसा तपासाला द्या, असं त्याचं म्हणणं. त्याने आकडाही सांगितला. १९८४ साली इथल्या गृहखात्यासाठी क्लार्क आणि हफ या दोघा अभ्यासकांनी हिशेब मांडला होता: लंडनमध्ये पायी गस्त घालणारा शिपाई चालू असलेल्या घरफोडीपासून शंभर यार्डांच्या आत साधारण आठ वर्षांतून एकदा येतो, आणि तेव्हाही आत चोरी चालली आहे हे त्याला कळेलच असं नाही.

हॉल गप्प झाला. बाई खाली बसल्या. आकडा खरा आहे, मी घरी येऊन पाहिलं. पण मला तिथे बसल्या बसल्या मिरज आठवली.

तुला आठवतं का, मी सुट्टीवर आलो होतो आणि तुझी रात्रपाळी होती. झोप येत नव्हती म्हणून तुझ्याबरोबर निघालो. स्टेशनकडून लक्ष्मी मार्केट, तिथून सतारमेकर गल्ली. तू दुकानांची कुलपं एकेक करून हाताने ओढून बघत होतास. मला वाटलं, हे काय काम? मग गल्लीत एका घरापाशी तू थांबलास. "म्हातारा बारापर्यंत सतारीचा भोपळा घासत बसतो. आज दिवा नाही." एवढंच म्हणालास आणि कडी वाजवलीस. आत तो एकटा, तापाने फणफणलेला. रिक्षा शोधायला मीच पळालो होतो. त्या रात्री तू एकही चोर पकडला नाहीस. दवाखान्यात नेलं याची नोंद तरी स्टेशन डायरीत झाली का, मला माहीत नाही. पण कोणत्या घरात किती वाजेपर्यंत दिवा असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याची किंमत शंभर यार्डांच्या हिशेबात कशी धरायची? त्या तरुणाला हे विचारायचं माझ्या मनात होतं. वेळेवर इंग्रजी शब्द सुचले नाहीत, याचं अजून वाईट वाटतंय.

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी मी इथे कोणाला सांगितलेली नाही. ७ मे २०१५ रोजी इथे सार्वत्रिक निवडणूक होती. त्याच दिवशी आमच्या बेडफर्डशरमध्ये आणखी एक कागद हातात दिला: पोलिसांचा कर १५.८ टक्क्यांनी वाढवायचा का? इथल्या कायद्याप्रमाणे ठरलेल्या मर्यादेपलीकडे कर न्यायचा तर जनमत घ्यावं लागतं, आणि पोलिसांच्या करासाठी असं जनमत देशात त्याआधी कधी झालं नव्हतं. तेव्हाचे कमिशनर ऑली मार्टिन्स यांचं म्हणणं होतं की या पैशातून शंभर जादा पोलीस घेता येतील. मध्यम घराला आठवड्याला सुमारे ४८ पेन्स. म्हणजे अर्धा कप चहासुद्धा नाही. मी भारतीय पासपोर्टवाला, पण राष्ट्रकुलातला असल्याने मला मत होतं. मी 'नाही'वर फुली मारली. जवळजवळ ७० टक्के लोकांनी तेच केलं. वाढीव बिलं आधीच घरोघर गेली होती, ती बदलून पुन्हा पाठवावी लागली.

का मारली फुली? पैसे नव्हते असं नाही. आमच्या रस्त्यावरून पोलीस चालत गेलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. कागदावरचे शंभर पोलीस मला दिसत नव्हते. बिल मात्र दिसत होतं.

हे सगळं आज उकरण्याचं कारण म्हणजे, बैठकीनंतर वाचता वाचता मला अमेरिकेतल्या फ्लिंट नावाच्या गावाची हकीकत सापडली. मिशिगनमधलं गाव, जनरल मोटर्सच्या कारखान्यांवर जगणारं. १९७९ साली तिथल्याच मॉट फाउंडेशनने पैसे दिले आणि १४ वस्त्यांमध्ये २२ पोलीस पायी फिरायला लागले. मिशिगन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट ट्रोयानोविच त्यावर लक्ष ठेवून होते. पोलिसांनी नुसतं फिरायचं नव्हतं. वस्तीच्या सभेला जायचं, पोरांशी बोलायचं, कोणाचं कोणाशी वाजतंय ते माहीत करून घ्यायचं. तीन वर्षांत तिथे गुन्हे थोडेसेच उतरले, पण पोलिसांना येणारे फोन ४० टक्क्यांहून जास्त घटले. घटणारच, दारात उभ्या असलेल्या माणसाला कोण फोन करतं? देणगीचे पैसे संपत आले तेव्हा, १९८२ मध्ये, गावाला विचारलं: आता तुम्ही कर भराल का? नाना, तेव्हा त्या गावात कारखान्यांतून माणसं घरी बसत होती. बेकारीने कंबर मोडलेल्या त्या लोकांनी 'हो' म्हटलं. १९८५ मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा तर दोनास एक अशी मतं पडली.

आम्ही खाऊन-पिऊन सुखी लोक ४८ पेन्सला नाही म्हणालो आणि फ्लिंटचे बेकार कामगार दोनदा हो म्हणाले. दोन रात्री माझ्या डोक्यातून हे गेलं नाही. मला एकच कारण पटतं. त्यांनी आधी तीन वर्षं तो पोलीस पाहिला होता, त्याचं नाव त्यांना माहीत होतं. त्यांनी त्या माणसाला ठेवून घेतलं. आमच्यापुढे नुसता कागद आला होता. त्यामुळे माझ्या त्या मताची मला लाज वाटते असं मी म्हणणार नाही. पण विचारायची पद्धत उलटी होती, हे मला तेव्हा उमगायला हवं होतं.

दुसरी एक गोष्ट न्यू जर्सीतल्या नेवार्कची. तिथे राज्य सरकारने १९७३ मध्ये कायदा करून पायी गस्तीला पैसे दिले. बरेच पोलीसप्रमुख नाखूश होते, पण पैसा राज्याचा, म्हणून चालवून घेतलं. १९७८-७९ मध्ये त्याची पद्धतशीर पाहणी झाली: काही भागांत गस्त चालू ठेवली, काही ठिकाणी बंद केली, काही ठिकाणी नवी सुरू केली. निकाल असा की गुन्हे कमी झाले नाहीत. गस्त कुठे आली नि कुठून गेली हे लोकांना बरोबर कळलं, आणि जिथे होती तिथे भीती कमी झाली. जॉर्ज केलिंग हा अभ्यासक तर त्या शिपायांबरोबर तासन् तास पायी हिंडला होता, जसा मी तुझ्याबरोबर एक रात्र हिंडलो.

बैठकीतला तो तरुण यावर म्हणेल, भीतीच ना, मनाचा खेळ, त्यासाठी पैसे कशाला? त्याला आमच्या घरी बोलवावंसं वाटतं. दिवाळीत आमच्या रस्त्यावरच्या एका गुजराती कुटुंबाचं घर फोडलं. मंडळी देवळात गेली होती. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या सुनेच्या पाटल्या, सासूचं लग्नातलं मंगळसूत्र, सगळं गेलं. चोरी झाली एका घरात, पण तेव्हापासून आमच्या हिने काळी पोत काढून साधी साखळी घातली आहे. हिवाळ्यात इथे चार वाजता अंधार पडतो. तिची मैत्रीण पाच मिनिटांवर राहते, तिच्याकडे चालत जाणं बंद झालंय. गेले अडीच महिने ही दुपारी चारनंतर उंबरा ओलांडत नाही. हे कुठल्याच गुन्ह्यात मोजलं जाणार नाही. पण एका बाईची रोजची संध्याकाळ गेली, ती काय नुसती मनाची गोष्ट आहे?

तरीही मी त्या तरुणाला सरसकट खोडून काढणार नाही. पायी गस्तीने खरेखुरे गुन्हे कमी होतात का, याचंही उत्तर मिळालं आहे, पण फार चाळण लावून. २००९ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात सर्वांत जास्त मारामाऱ्या, गोळीबार आणि लुटालूट होणारे छोटे छोटे टापू निवडले आणि त्यांतल्या साठांवर अकादमीतून नुकतेच बाहेर पडलेले पोलीस जोडीने फिरवले. टेंपल विद्यापीठाच्या जेरी रॅटक्लिफ यांच्या हिशेबाने तीन महिन्यांत हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी उतरले. थोडे आजूबाजूला सरकले, ते वजा करूनही फायदा राहिला. मग गस्त उठली आणि थोड्याच दिवसांत फायदाही विरला. म्हणजे गस्त लागू पडते, पण जिथे रक्त सांडतं तिथे, आणि आहे तोवरच.

तेव्हा आमच्या रस्त्यासारख्या शांत ठिकाणी माणूस द्यायचा, की जिथे पोरांच्या खिशात सुरे आहेत तिथे? हिच्यासाठी माझा जीव तुटतो, पण मनापासून विचारशील तर पहिला माणूस तिकडे जायला हवा. हे मी घरात बोललो. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "जाऊ दे, पण तिथला तरी त्यांनी महिन्याने उचलून नेऊ नये."

हिने नेमकं वर्मावर बोट ठेवलं, आणि इथेच मला तुझी गरज आहे. तू नेहमी सांगायचास: गस्तीचं बीट नावाला माझं, माणूस मात्र बंदोबस्ताचा. गणपती, निवडणूक, मंत्र्याचा दौरा, काही आलं की हजेरीत पहिलं नाव बीटवाल्याचं. परत येतोस तोवर पंधरा दिवस गेलेले, गल्लीत काय झालं ते पुन्हा पहिल्यापासून विचारायचं. इकडेही तेच आहे. २००२ च्या कायद्याने इथे कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर आले, साध्या शिपायापेक्षा कमी अधिकाराचे, अटक करायची मुभा नसलेले. वस्तीत फिरणं आणि ओळखी ठेवणं हेच त्यांचं मुख्य काम. २०१० मध्ये इंग्लंड आणि वेल्स मिळून ते सतरा हजारांच्या घरात होते. मग सरकारने खर्च आवळला. २०१८ पर्यंत ते दहा हजारांच्या आसपास उरले, आणि खुद्द पोलीसही जवळपास वीस हजारांनी घटले. उरलेल्यांनी आधी फोन आला तिथे धावायचं की गल्लीत फिरायचं? फोन जिंकतो, कारण फोन मोजला जातो. तुझ्या कुलपं ओढण्याला कोणी मोजलं नाही. फ्लिंटमध्येसुद्धा कर मिळाल्यावर गस्त साऱ्या गावभर पसरली, एकेकाच्या वाट्याची हद्द वाढत गेली, आणि पूर्वीची ओळख पातळ झाली.

म्हणून यंदाच्या कागदावर मी 'हो' लिहिणार आहे. पण खाली मत मांडायला मोकळी जागा असते, तिथे तीन गोष्टी लिहायच्या ठरवल्यात. पैसा आधी सुरे निघतात त्या वस्त्यांना द्या. ज्याला नेमाल त्याला निदान तीन वर्षं तिथून हलवू नका. आणि वर्षातून किती दिवस त्याला दुसऱ्या कामाला जुंपलं, तेवढा एक आकडा बिलाबरोबर छापा. तिसरी गोष्ट खरं तर तुझी आहे, मी फक्त इंग्रजीत घालतोय.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, मिरजेच्या त्या बीटवर गेल्यावर किती दिवसांनी लोक आपणहून येऊन तुला सांगायला लागले? महिन्याने, की वर्ष लागलं? मी तीन वर्षं म्हणतोय ते अंदाजाने. दोन, तुझी बदली झाल्यावर नव्या माणसाला तू काय सांगून आलास? त्या म्हाताऱ्याच्या दिव्याचं सांगितलंस का?

मत द्यायची मुदत ३१ तारखेपर्यंत आहे. हाताने लिहिलंस तर पोचणार नाही, नातवाला सांगून कागदाचा फोटो पाठव. वहिनींचा गुडघा कसा आहे ते कळव. हिने त्यांच्यासाठी लोकरीची पट्टी विणून ठेवली आहे, मार्चमध्ये येताना आणतो. आलो की एक रात्र त्याच वाटेने चालू, स्टेशनपासून गल्लीपर्यंत.

तुझा,
बापू