काजळी नाही, राख

कोलोन, बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

ती. आईस सा. न.

सकाळी व्हिडिओ कॉलवर माझ्या मागून घरमालकीणबाई गेल्या आणि तू ओरडलीस, "अगं, त्यांच्या कपाळाला काजळी लागलीये, सांग की!" मी ऑफिसच्या घाईत होते, म्हणून आता लिहिते.

काजळी नाही आई, राख. आज राखेचा बुधवार, कॅथलिकांचा उपवासकाळ आजपासून सुरू. फादर कपाळावर राखेने क्रूस काढतात आणि म्हणतात, तू माती आहेस, मातीलाच मिळशील. नागपुरात सदरच्या आपल्या कॅथेड्रलमध्येही आज हेच झालं असणार. आपण कधी डोकावलो नाही, एवढंच.

पण खरी गंमत काल रात्रीची. गेल्या गुरुवारपासून हे शहर कार्निव्हलमध्ये बुडालेलं होतं. सोमवारी मोठी मिरवणूक, रथांवरून चॉकलेटांचा पाऊस, आणि माणसं दुपारपासूनच टाइट. या दिवसांत बिअर बारच्या दारावर पेंढा भरलेला, शर्ट-पँट घातलेला एक बाहुला टांगतात. त्याचं नाव नुबेल. काल मध्यरात्री तो खाली उतरवला, फादरचा वेश केलेल्या एकाने रडवेल्या आवाजात आरोप वाचले. पैसे कोणी उडवले? नुबेलने! एवढी कोणी ढोसली? नुबेलने! परक्या बाईच्या गळ्यात कोण पडलं? नुबेलच! मग दिला पेटवून. मला तर तान्ह्या पोळ्याचा दिवस आठवला. आपलेही असेच मिरवून जाळायचे पुतळे, बडगे नि काळी-पिवळी मारबत, आणि "इडा-पिडा घेऊन जा गे मारबत!" मी मराठीतच ओरडले, कोणाला काही कळलं नाही.

घरमालकीणबाई सत्तरीच्या, पण सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. आणि आज सकाळी सातला त्याच बाई एकट्या चर्चमध्ये जाऊन राख लावून आल्या. मला वाटलं, ही नुबेलचीच राख. त्या खूप हसल्या. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद दिलेल्या फांद्या जपून ठेवतात, त्या जाळून ही करतात. इथे झावळ्या कुठल्या, बॉक्सवुड नावाच्या झुडपाच्या डहाळ्या. मी विचारलं, सगळं तर रात्री नुबेलवर ढकललं, मग आता हे कशाला? म्हणाल्या, "तो रात्रीचा हिशोब होता. हा माझा."

येशूने वाळवंटात चाळीस दिवस उपास केला, म्हणून हे चाळीस दिवस. कॅलेंडरवर मोजलेस तर ईस्टरपर्यंत, म्हणजे येशू पुन्हा उठला त्या सणापर्यंत, शेहेचाळीस भरतील. रविवार धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार म्हणजे छोटा ईस्टरच. आणि ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते बरं का! २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. यंदा २ एप्रिलला तुझी हनुमान जयंती, ५ एप्रिलला त्यांचा ईस्टर.

कडक उपास फक्त आज आणि गुड फ्रायडेला: मटण-चिकन बंद, जेवण एकदाच पोटभर. मासे चालतात, त्यामुळे आज घरोघरी हेरिंग नि बटाटे. (एकादशीची साबुदाण्याची खिचडी आठव आणि हसू नकोस.) बाकीचे दिवस ज्याने-त्याने स्वतःला जड जाईल ते सोडायचं. बाईंनी वाइन आणि गोड सोडलंय.

तिथेच माझी पंचाईत झाली. पाडवा १९ मार्चला, गुरुवारी. त्यांना पुरणपोळी द्यायचं मी दिवाळीपासून कबूल केलंय. शेवटी ठरलं, रविवारी २२ ला करायची, त्या दिवशी त्यांना चालतं. तेव्हा मावशीचा मुलगा येतोय त्याच्यासोबत वेलची आणि जायफळ पाठव. डाळ इथे मिळते.

तुझी,
मनी